स्पेन : फर्डिनांड-इझाबेलाच्या खुणा पाहायच्यात, मार्ग सुचवा

चिंचगूळ
ऑक्टोबरात आईला घेऊन आठ दिवस स्पेनला चाललेय. आईनं तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 'राणीनं दागिने गहाण ठेवून कोलंबसाला पाठवलं' हे तिचं वर्गातलं पेटंट वाक्य. त्यामुळे फ्लेमेंको वगैरे नको, आरागॉनचा फर्डिनांड आणि कास्तियाची इझाबेला या राजा-राणीच्या खुणा असतील तिथेच फिरायचंय. माद्रिदला उतरतोय, परतीचं विमान सेव्हियाहून. आईचे गुडघे कुरकुरतात. काय घेऊ, काय गाळू?

दर्यावर्दी
आधी दागिन्यांचं. काकूंना जरा बेतानं सांगा, ती दंतकथा आहे. बरेचसे दागिने ग्रानादाच्या लढाईपायी आधीच गहाण पडले होते. कोलंबससाठी पैशांची जुळवाजुळव केली लुईस दे सांतांखेलनं. हा फर्डिनांडच्या पदरचा अधिकारी, धर्मांतरित ज्यू घराण्यातला.

ग्रानादाला तीन रात्री द्याच. १४९२ सालचे चार महिने तिथे एकाच परिसरात पाहता येतात. २ जानेवारीला ग्रानादाच्या शेवटच्या मुस्लिम सुलतानानं, बोअब्दिलनं, शहर या दोघांना सोपवलं, ३१ मार्चला तिथल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातून ज्यूंच्या हकालपट्टीचा हुकूम निघाला आणि १७ एप्रिलला जवळच्या सांता फे गावात कोलंबसाशी करार झाला. सांता फे म्हणजे मुळात वेढा घालायला वसवलेली छावणी, गल्ल्या अजून काटकोनात आहेत. कॅथेड्रलला लागून असलेल्या राजघराण्याच्या चॅपेलमध्ये दोघांची समाधी आहे. वर संगमरवरी थाट, खाली तळघरात शिशाच्या साध्या पेट्या. संगमरवरी उशीत राणीचं डोकं राजापेक्षा जास्त रुतलंय, कारण तिची अक्कल जड, असं गाइड सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण काकूंना आवडेल.

सातवा_मजला
सगळे ग्रानादालाच पळतात. माझं मत, सुरुवात वायादोलिदपासून करा. १४६९ मध्ये लग्न तिथे झालं. ती १८ वर्षांची, तो १७. तिचा सावत्र भाऊ एन्रिके कास्तियाचा राजा, त्याचा विरोध. म्हणून नवरदेव खेचरं हाकणाऱ्या तांड्यात नोकराच्या वेषात आला! दोघं नात्यातली, त्यामुळे पोपची परवानगी हवी. तो कागद चक्क बनावट होता, खरा १४७१ मध्ये मिळाला.

मग सेगोव्हिया. डिसेंबर १४७४ मध्ये हिनं तिथे स्वतःला राणी जाहीर केलं, तेव्हा नवरा त्याच्या घरच्या राज्यात, आरागॉनमध्ये. पुढे उघडी तलवार धरून मिरवणूक निघाली, हे कळल्यावर साहेब घुश्शात आले. पुढच्या महिन्यात लेखी समझोता झाला : कास्तियाची मालकीण ती, कारभार दोघांच्या नावानं. मला तर हाच खरा एकीकरणाचा कागद वाटतो.
किल्ल्याच्या मनोऱ्याला दीडशेच्या वर पायऱ्या आहेत. काकूंना खालीच बसवा.

चिंचगूळ
@सातवा_मजला, पण लग्नानं स्पेन एक झाला असंच आई शिकवायची. तसं नाही का?

सातवा_मजला
जोडपं एक झालं, राज्यं नाही. कास्तिया आणि आरागॉनचे कायदे, प्रतिनिधी सभा, नाणी सगळं वेगळंच राहिलं. १५०४ मध्ये ती गेली तसा फर्डिनांड कास्तियाचा राजा उरला नाही, गादी मुलगी हुआनाकडे. त्यानं दुसरं लग्न केलं, १५०९ मध्ये मुलगाही झाला, पण काही तासांतच गेला. तो जगता तर आरागॉन पुन्हा वेगळं झालं असतं. एवढ्या बारीक धाग्यावर होतं सगळं.
इमारतींवर जू आणि बाणांची मोळी ही दोघांची चिन्हं शोधत चला. स्पॅनिशमध्ये जू 'य'नं सुरू होतं, जुन्या लेखनातल्या इसाबेलसाठी, आणि बाण 'फ'नं, फर्नांदोसाठी. तोलेदोच्या सान हुआन दे लोस रेयेस मठावर भरपूर दिसतील. बाहेरच्या भिंतींवर सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या बेड्याही टांगल्यात.

सुंगटां_कढी
गोंयकाराचा आगाऊपणा : वायादोलिदहून बसनं तोर्देसियासला जा, अर्धा-पाऊण तास. १४९४ चा करार इथलाच. केप व्हर्दच्या पश्चिमेला ३७० लीगवर (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप) रेघ मारली. पलीकडचं स्पेनचं, अलीकडचं पोर्तुगालचं. आम्ही अलीकडचे. पोर्तुगालचा मॅन्युएल, ज्यानं वास्को द गामाला धाडलं, तो या जोडप्याचा जावई. थोरली मुलगी वारली तर तिची धाकटी बहीण मारिया केली. १५१० मध्ये गोवा पडलं तेव्हा तीच लिस्बनची राणी. करार झाला त्या वाड्यात छोटं संग्रहालय आहे. मी नकाशासमोर बराच वेळ उभा होतो, राग यावा की हसू, कळेना.

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार! वायादोलिद दोन रात्री (सेगोव्हिया वाटेत, तोर्देसियास एक दुपार), तोलेदो एक, ग्रानादा तीन, उरलेलं सेव्हिया. सेव्हियात कोलंबसाची समाधी आणि इंडीज अभिलेखागार, बास. कोलंबस जिथून निघाला ते पालोस बंदर नाईलाजानं गाळलं. दागिन्यांचं आईला ग्रानादात सांगेन, हॉटेलवर पोचल्यावर.

दर्यावर्दी
छान. अल्हाम्ब्राची तिकिटं आजच काढा, ती पासपोर्टवरच्या नावानं मिळतात. आतल्या नासरी महालाची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्सवर विसंबू नका.