‘कोरलाइन’ लहान मुलीला द्यावी का?

प्रश्न (फोंडा): नील गेमन यांची २००२ सालची ‘कोरलाइन’ ही मुलांसाठीची भयकथा माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला वाचायला द्यावी का? डोळ्यांच्या जागी बटणे असलेली ‘दुसरी आई’ तिला झेपेल का, अशी शंका वाटते.

उत्तर (म्हापसा): अवश्य द्यावी. ती आई आवडीचे जेवण वाढते, लाड करते आणि मग डोळ्यांवर बटणे शिवून घेण्याची अट घालते. ही माया मोठ्यांनाच अधिक घाबरवते. देवचाराच्या, म्हणजे गोव्यातल्या गावच्या राखणदार आत्म्याच्या, गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना भय नवे नाही, मात्र देवचार गावाची राखण करतो, ही दुसरी आई गिळायला बसलेली असते.

उत्तर (डिचोली): चित्रपटाआधी पुस्तक द्यावे. २००९ च्या चित्रपटात वायबी हा सोबती नव्याने घातला आहे. पुस्तकात बोलणारे काळे मांजर सोडल्यास नायिका कोरलाइन जवळजवळ एकटीच लढते. आरशामागच्या मृत मुलांचा प्रसंग मात्र दिवसा वाचावा.