नेबरहूड बोर्डावर आपल्यातलं कोणी जातंय का?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या हॉलचं भाडं मागायला हा मेल नाहीये, त्यामुळे लगेच डिलीट करू नका. आपली हाउसिंग इस्टेट प्राइड इन प्लेसच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या वस्त्या सुधारायच्या योजनेच्या यादीत आहे हे तुम्हाला माहीतच असेल. १० वर्षांत २ कोटी पौंडांपर्यंत पैसे येणार, आणि ते कुठे लावायचे हे ठरवायला बोर्ड बनतंय. त्यात रहिवासी हवेत. मंगळवारी साडेसहाला लायब्ररीत मीटिंग आहे. मागे बसस्टॉपच्या विषयावर या लिस्टवर एक्केचाळीस मेल झाले होते (मोजलेत मी!), त्यातला कौन्सिलला एकही गेला नाही. तर जाणार कोण?

– चिटणीस

*

ताई,

पैसे आले की आधी कन्सल्टंट येतात. मग भिंतीवर नकाशा, त्यावर आपण पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, बिस्किटं खायची आणि दोन वर्षांनी हाय स्ट्रीटला फुलांच्या कुंड्या. बघितलंय हे सगळं. शिवाय मंगळवारी माझं बॅडमिंटन असतं.

– काका

*

काका, अर्धं खरंय तुमचं, कुंड्या आमच्याकडेपण आल्या होत्या. पण इथे येण्याआधी आम्ही जिथे राहायचो तो भाग बिग लोकलमध्ये होता, म्हणजे लॉटरीच्या पैशातून इंग्लंडमधल्या १५० भागांना प्रत्येकी निदान १० लाख पौंड, १०-१५ वर्षांत वापरायचे, आणि ठरवणार कोण तर पार्टनरशिप, त्यात कमीत कमी ८ जण आणि निम्म्याहून जास्त तिथेच राहणारे. हिशेब एक स्थानिक संस्था सांभाळायची, खर्च कशावर ते आम्ही ठरवायचो. मी चार वर्षं होते त्यात. पहिलं दीड वर्ष तर नुसती भांडणंच.

एक सांगते. सगळे म्हणायचे बस वाढवा, बस वाढवा. आमच्यात एक रिटायर्ड लॉलीपॉप लेडी होती, शाळेपाशी मुलांना रस्ता क्रॉस करून द्यायची, तिने एकदा आम्हा सगळ्यांना दवाखान्यापासून बसस्टॉपपर्यंत चढावरून चालत नेलं, स्वतःची भाजीची ट्रॉली ओढत, आणि मध्येच थांबून केबलच्या हिरव्या पेटीला टेकली. म्हणाली, मी रोज इथे टेकते. तिथे बाक बसवायला अकरा महिने लागले, कारण ते वीतभर गवत कौन्सिलचं की हाउसिंग असोसिएशनचं हेच कोणाला माहीत नव्हतं. पण बसला बाक. बस मात्र नाही वाढली, खोटं कशाला बोलू.

आणि मोठी कामंही होतात बरं का. ब्रिस्टलच्या लॉरेन्स वेस्टनला, तोही बिग लोकलचाच भाग, तिथल्या लोकांनी स्वतःच्या मालकीची पवनचक्की उभारली २०२३ मध्ये, १५० मीटर उंच, साधारण ३,५०० घरांच्या विजेइतकी वीज. नफा परत वस्तीलाच.

फक्त एक. मंडळातर्फे म्हणून जाऊ नका. या बोर्डांवर खासदार, नगरसेवकही असतात, आपण 'कम्युनिटी लीडर' म्हणून गेलो की आपल्याला दिवाळीचं स्टॉल देऊन मोकळे होतील. मी अमुक रस्त्यावर राहते, आमच्या गल्लीत अंधार असतो, एवढंच सांगायचं. आणि हॉलचा विषय पहिल्या मीटिंगला अजिबात काढायचा नाही!!

– बाकवाली

*

माझी मंगळवारी लेट शिफ्ट आहे त्यामुळे मी नाही, पण खरं तर आमच्या सासूबाईंनी जायला हवं. आम्ही सगळे सकाळी गाडीत बसतो ते रात्री उतरतो, इस्टेटीत दिवसभर चालतात त्या, नातवाची बाबागाडी घेऊन. कुठला दिवा बंद, कुठे फूटपाथवर गाड्या लावतात म्हणून रस्त्यात उतरावं लागतं, सगळं पाठ. इंग्रजी येत नाही एवढंच, कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या चहा असतो का तिथे.

– लेट शिफ्ट

*

चहा असतो, पण पाणचट. आजींना सांगा थर्मास घ्या.

बॅडमिंटन तसं आठला असतं. सव्वासहाला गाडी घेऊन येतो, आजींच्या शेजारी मी बसेन, त्या बोलतील ते मी इंग्रजीत सांगेन, पदरचं काही घालणार नाही. चिठ्ठ्या मात्र चिकटवणार नाही.

– काका