मदत हवी आहे: सगळ्यांचे हप्ते ठरवून दिले, ११ महिने पाळले, तरी एका कार्डवाल्याचे फोन थांबत नाहीत

कोरी पत्रिका

नवीन आयडी काढून लिहितेय. जुन्या आयडीवर माझ्या पाककृती आहेत आणि सासरचे निम्मे लोक तिथे वाचतात.

आम्ही नाशिकला असतो. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नवऱ्याचा लग्नपत्रिकांचा छोटा प्रेस होता. लोक आधी पाचशे पत्रिका छापायचे, मग व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि पन्नासवर आले. देवापुढे ठेवायला, मामाला द्यायला आणि बाकीच्यांना फोटो. त्यात कोविडची दोन वर्षं गेली. प्रेस बंद झाला, कर्जं राहिली. सगळी माझ्या नावावर, कारण पगाराची स्लिप माझ्याकडे.

गेल्या वर्षी हिशेब मांडला तेव्हा असं होतं: बँकेचं पर्सनल लोन ४,१०,०००, पहिलं क्रेडिट कार्ड १,३८,०००, दुसरं कार्ड ८६,०००, मोबाईल अ‍ॅपवरून घेतलेलं ६२,०००, पतसंस्थेचं १,५०,००० (दोन जामीनदार, त्यातली एक माझ्याच लॅबमधली ताई) आणि बहिणीच्या यजमानांकडून हातउसने ८०,०००. एकूण ९,२६,०००.

वरच्या मजल्यावरचे काका बँकेतून रिटायर झालेत. दोन रविवार बसून त्यांनी फेडीचा आराखडा करून दिला. दोघांचा मिळून पगार ५०,५००. भाडं, फी, किराणा, सासूबाईंची औषधं धरून घरखर्च २८,०००. उरले २२,५००. बँकेने मुदत वाढवून हप्ता साडेनऊ हजारावर आणला. पहिल्या कार्डाने ३६ महिन्यांचे हप्ते पाडून दिले, महिना ५,०००. पतसंस्थेला साडेचार. उरलेल्या साडेतीन हजारातले २,००० दुसऱ्या कार्डाला आणि दीड अ‍ॅपला. मेहुण्यांना सांगितलं, तुमचं शेवटी. ते हो म्हणाले. बहीण तेव्हापासून जरा कमी बोलते.

अकरा महिन्यांत एकही हप्ता चुकलेला नाही. पण दुसऱ्या कार्डाच्या बँकेने आमचा आराखडा कधी मान्यच केला नाही. मी पत्र दिलं, उत्तर आलं नाही, मी आपली २,००० भरत राहिले. आता त्यांचं काम एका एजन्सीकडे आहे. सकाळी सव्वासातला फोन, रात्री साडेनऊला फोन. मागच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर फोन करून सांगितलं, "तुमच्या लॅबवाल्या मॅडम पैसे बुडवून पळाल्यात." मी तेव्हा आतच होते, सेंट्रिफ्यूजसमोर. व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभ छापलेली नोटीस आली, त्यात ४२० कलम.

काकांनी फोनची नोंद ठेवायला सांगितली होती. घरात उरलेल्या कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे आहेत, त्यांच्यावरच लिहिते. वर सोनेरी गणपती, "श्री गणेशाय नमः", आणि खाली माझ्या अक्षरात "१४ तारीख, ७.२०, माणूस ओरडला". अशा एकोणीस पत्रिका झाल्यात.

आता एजंट म्हणतो, ५५,००० एकरकमी भरा, आजच्या आज, विषय संपला. नवरा म्हणतो, माझ्या पाटल्या गहाण टाकू. मी म्हणते, पतसंस्थेचे तीन-चार हप्ते थांबवून आणि बाकीचे मेहुण्यांकडून घेऊन जमवू. पतसंस्थेचं कोणी कधी फोनसुद्धा करत नाही. (प्रेसमधलं एक पेपर कटिंग मशीन अजून मागच्या खोलीत ताडपत्रीखाली आहे, पण त्याचा विषय घरात काढायचा नाही असं न बोलता ठरलंय.)

काय करू?

दुपारची झोप

सिम बदला आणि तीन वर्षं गप्प बसा. मुदत संपली की कोर्टातही काही होत नाही. मित्राने केलंय.

वकिलीणबाई

वरचा सल्ला कृपया घेऊ नका. त्या दर महिन्याला पैसे भरताहेत, त्यामुळे मुदतीचं मोजमाप पुन्हा नव्याने सुरू होऊ शकतं. शिवाय फोन बंद केल्याने व्याज बंद होत नाही.

ताई, आधी ४२० बद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. नोटीस बनवणाऱ्याने नमुनासुद्धा बदललेला नाही. पैसे घेतले आणि परिस्थितीमुळे वेळेवर फिटले नाहीत, एवढ्यावर फसवणूक होत नाही. आणि कोर्टाचं समन्स एजंटच्या मोबाईलवरून येत नाही. मात्र लोकअदालतीची खरी नोटीस आली तर जरूर जा. तिथे ठरलेलं हुकूमनाम्यासारखं धरतात, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.

खरी काळजी चेक आणि ऑटो-डेबिटची घ्या. चेक परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५. दोन्हीत फौजदारी केस होऊ शकते. त्या एजन्सीला कोरा चेक दिलाय का?

कोरी पत्रिका

नाही दिला. मागितला होता, "सिक्युरिटी म्हणून".

पासबुकवाले आजोबा

एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली सहा वसुलीत. थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तुमच्या काकांचा आराखडा चांगला आहे, पण दोन चुका आहेत. पहिली, आकस्मिक खर्चाला एक रुपयासुद्धा ठेवलेला नाही. अकरा महिने कोणी आजारी पडलं नाही हे नशीब.

दुसरी चूक म्हणजे ते दुसरं कार्ड. त्याचं आजचं स्टेटमेंट काढून आकडा सांगाल?

कोरी पत्रिका

काढलं. १,२२,६००. मला वाटलं टाइप चुकलंय. मी २२,००० भरलेत हो त्यात.

पासबुकवाले आजोबा

चुकलेलं नाही. बहुतेक साडेतीन टक्क्यांच्या आसपास महिन्याचं व्याज आहे, ८६,००० वर तेच ३,००० होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी. मिनिमम रक्कम पूर्ण भरली जात नाही म्हणून दर महिन्याला लेट फी, तिच्यावरही जीएसटी. तुम्ही भरताय २,००० आणि चढतायत साडेचारच्या वर. फुटक्या रांजणात पाणी ओतणं चाललंय. बँकेने व्याज थांबवायचं लेखी कबूल केलेलं नसेल, तर कार्डाला ठरावीक छोटी रक्कम भरत राहण्याने मुद्दल हलत नाही. म्हणून या एका खात्यात तडजोड करणं योग्यच, फक्त एजंटच्या तोंडी शब्दावर आणि "आजच्या आज" मध्ये नाही.

आता मुख्य गोष्ट. पतसंस्थेचा हप्ता थांबवायचा विचार डोक्यातून काढा. ते फोन करत नाहीत म्हणून तुम्हाला ते गरीब वाटतात. कार्डवाल्याकडे तारण नाही, जामीनदार नाही, म्हणून तो आरडाओरडा करतो. पतसंस्थेला ओरडायची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १०१. थकलं की निबंधकांकडे अर्ज, वसुली दाखला, मग विशेष वसुली अधिकारी. दिवाणी कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही. आणि त्यात तुमच्याबरोबर जामीनदारांचीही नावं असतात, त्यांच्या पगारातून कपात होऊ शकते. मी असे दाखले पाहिलेत. कर्जदार आणि जामीनदार एकाच ऑफिसात, आणि जामीनदाराचा पगार कापून आलेला. पुढे ते दोघं एका टेबलावर डबा खात नाहीत.

कोरी पत्रिका

हे वाचून हात गार पडले. मी खरंच पुढच्या महिन्यापासून थांबवणार होते.

सातपूरची चाळ

आम्ही यातून गेलोय, तीन वर्षांपूर्वी. दोन गोष्टी सांगते. एजंटला उत्तर द्यायचं एकच वाक्य ठरवा आणि तेच म्हणा. माझं होतं, "जे काय आहे ते बँकेच्या ईमेलवरून पाठवा, मी लेखी उत्तर देईन." तो आईवर गेला तरी तेच. सुरुवातीला आवाज थरथरतो, मग सवय होते. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता, तो खेळण्यातल्या फोनवर हेच वाक्य बोलायचा.

दुसरं, हॉस्पिटलात एचआरला तुम्ही स्वतःहून सांगा. रिसेप्शनवरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. आणि जामीनदार ताईंनासुद्धा.

वकिलीणबाई

फोनच्या वेळांबद्दल: रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. चारचौघांत अपमान करणं, घरच्यांना, ओळखीच्यांना छळणं यालाही मनाई आहे. एजन्सी बाहेरची असली तरी जबाबदारी बँकेचीच. तुमच्या त्या एकोणीस पत्रिका सोन्यासारख्या आहेत. तारखा, वेळा, नंबर टाइप करा, रिसेप्शनिस्टने काय ऐकलं ते तिच्याकडून दोन ओळीत लिहून घ्या, आणि एजंटला नव्हे, बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यातच तडजोडीचा प्रस्तावही मांडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. (पतसंस्थेसाठी हा दरवाजा नाही, ती सहकार खात्याखाली येते.)

आणखी एक. त्या कार्डाच्या बँकेत तुमचं बचत खातं आहे का?

कोरी पत्रिका

आहे. मुलीच्या सहलीचे ११,००० तिथेच आहेत.

वकिलीणबाई

उद्या सकाळी काढून घ्या. बँक थकबाकीपोटी त्या खात्यावर लिअन लावू शकते, म्हणजे ते पैसे अडवून ठेवू शकते.

पासबुकवाले आजोबा

तडजोडीचं पत्र कसं असावं ते सांगतो. बँकेच्या लेटरहेडवर, कार्डाचे शेवटचे चार आकडे, एकूण येणं किती, किती घेऊन खातं बंद करणार, तारखा, आणि "यानंतर काहीही येणं राहणार नाही" हे वाक्य. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा. एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही, त्याने स्कॅनर पुढे केला तरी. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" लागेल, पुढची काही वर्षं नवं कर्ज मिळायला त्रास होईल. तुम्हाला नवं कर्ज सध्या नकोच आहे.

पाटल्यांचं म्हणाल तर गोल्ड लोन हेसुद्धा कर्जच. नऊ लाखांच्या यादीत सातवी ओळ. त्यापेक्षा ताडपत्रीखाली काय आहे ते पुन्हा एकदा बघा. तुम्ही कंसात लिहिलंय म्हणून मी कंसातच विचारतो. (विकलं तर किती येतील?)

कोरी पत्रिका

(माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.)

दुपारची झोप

ताई, माझा पहिला प्रतिसाद उडवा असं संपादकांना सांगितलंय. मित्राला फोन केला होता. त्याचं खातं मिटलेलं नाहीये, तो फक्त मला तसं सांगत होता.

कोरी पत्रिका (पाच आठवड्यांनी)

अपडेट द्यायला उशीर झाला.

ईमेल केला. सोबत पत्रिकांचे फोटोसुद्धा जोडले, गणपतीसकट. नवव्या दिवशी बँकेतून एका बाईंचा फोन आला, दुपारी अडीचला, आणि त्या मला "मॅडम, वेळ आहे का" म्हणाल्या. मला दोन सेकंद काही सुचेना. एजन्सी बदलली की काय ते माहीत नाही, पण पहाटेचे फोन बंद झालेत. अ‍ॅपवाल्यांचे अधूनमधून येतात, आठ ते सातमध्येच.

तडजोड ५८,००० वर झाली. ५५ एकरकमीऐवजी ५८ तीन हप्त्यांत: २०, २० आणि १८. पत्र आलं, आजोबांनी सांगितलेलं वाक्य त्यात नव्हतं, परत पाठवलं, घालून आलं.

लॅबमधल्या ताईंना सांगायला गेले, चहा घेऊन. निम्मं बोलले तोवर त्या म्हणाल्या, "मला माहितीये गं. मी दर महिन्याच्या अकरा तारखेला पतसंस्थेत विचारून येते, तुझा भरला का म्हणून." अकरा महिने. एकदाही दाखवलं नाही त्यांनी.

मशीनचा विषय मी काढला नाही. हा धागा मी नवऱ्याला वाचायला दिला आणि स्वयंपाकघरात गेले. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मालेगावच्या एका प्रेसवाल्याला फोन लावला. ६१,००० आले. टेम्पोत चढवायच्या आधी त्याने पातं काढून तेल लावून परत बसवलं. घेणारा म्हणाला, राहू द्या हो, आम्ही बघू. तर म्हणाला, नाही, डाव्या बाजूला जरा अडकतं, सांगून ठेवतो.

तीन हप्त्यांचे पैसे बाजूला आहेत, वर ३,००० उरले. आणि कार्डाला जाणारे दरमहा २,००० आता डाळीच्या डब्यामागच्या डब्यात जातात, आजोबा म्हणाले तसे, आकस्मिक खर्चाला.

एक शेवटचं विचारायचंय. तिसरा हप्ता भरल्यावर "नो ड्यूज" पत्र किती दिवसांत मागायचं? ते आपोआप येतं का?

पासबुकवाले आजोबा

आपोआप येईल अशी वाट बघू नका. भरल्याच्या दुसऱ्या दिवशी पावती जोडून ईमेल करा, आणि पत्र हातात आल्यावर महिनाभराने सिबिल रिपोर्ट काढा. तिथे बाकी शून्य दिसत नसेल तर पुन्हा या धाग्यावर या. पत्राच्या दोन झेरॉक्स काढा, एक त्या वरच्या काकांकडे ठेवा.