मदत हवी आहे: बाबांना खाली बघता येत नाही, पण डॉक्टरांनी मान हलवली की डोळे खाली जातात. हे कसं?

शेवरी:
बाबा सत्तरीचे आहेत. वर्षभरापासून तोल जातो, पडतात ते बहुतेक वेळा मागेच. जिना उतरताना चाचपडतात, वाचताना पुढची ओळ सापडत नाही, ताटात काय वाढलंय ते दिसत नाही. चष्मा बदलून झाला. नेत्रतज्ज्ञ म्हणाले, पडदा ठीक, नजर चांगली. आधी पार्किन्सन समजून गोळ्या सुरू केल्या होत्या, त्यांनी विशेष फरक पडला नाही. आता न्यूरोलॉजिस्टना पीएसपीची (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी, मेंदूचा एक आजार) शंका आहे. एमआरआय व्हायचा आहे.

तपासताना एक गोष्ट बघितली, ती डोक्यातून जात नाहीये. "खाली बघा" म्हटल्यावर बाबांचे डोळे जेमतेम हलले. मग डॉक्टरांनी त्यांना समोर एका जागी नजर ठेवायला सांगून मान हळूच मागे झुकवली, तर तेच डोळे सहज खाली गेले! स्नायू चालतात, मग सांगितल्यावर का चालत नाहीत? आणि डोळ्यांच्या व्यायामाने हे सुटेल का? घरात काय बदल करावेत, तेही सांगा.

अर्धविराम:
न्यूरोलॉजीत काम करतो. काकांना तपासल्याशिवाय निदानाबद्दल बोलणार नाही, पण तुम्ही बघितलंत त्याचा अर्थ सांगू शकतो.

प्रत्येक डोळ्याला ६ स्नायू असतात आणि त्यांना मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या नसा हलवतात. या नसांच्या केंद्रांपर्यंत आज्ञा पोचायला वाटा मात्र अनेक आहेत. आपण ठरवून नजर एकीकडून दुसरीकडे टाकतो तेव्हा आज्ञा कपाळामागच्या भागातून निघते आणि ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या देठातल्या) ठरावीक पेशींना जागं करते. आडव्या हालचालीच्या पेशी त्यातल्या पॉन्स या भागात, वर-खाली हालचालीच्या त्याच्या वर, मिडब्रेनमध्ये. पीएसपीमध्ये मिडब्रेनचा हा भाग लवकर झिजतो. म्हणून उभी नजर आधी जाते, आडवी बराच काळ टिकते.

मान हलवल्यावर डोळे फिरतात ती वाट वेगळी. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग डोकं हलल्याची बातमी थेट डोळ्यांच्या नसांच्या केंद्रांना देतो, साधारण १० मिलिसेकंदांत. वर सांगितलेल्या पेशींची त्याला गरज लागत नाही. स्वतः करून बघा: बोट डोळ्यांसमोर धरून भराभर हलवा, ते पुसट दिसेल. आता बोट स्थिर ठेवून तितक्याच वेगाने मान हलवा, बोट स्पष्ट दिसत राहील. हे काम त्या वाटेचं.

म्हणजे काकांचे स्नायू, नसा आणि नसांची केंद्रं शाबूत आहेत. बिघाड त्यांच्या वरच्या पातळीवर आहे. पीएसपी या नावातला मधला शब्द, सुप्रान्यूक्लियर (म्हणजे केंद्रांच्या वरचा), तेच सांगतो. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी १९६४ मध्ये हा आजार नोंदवला तेव्हापासून पार्किन्सनशी त्याची गल्लत होत आली आहे. लवकर पडायला लागणं, तेही मागे, आणि लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाचा फारसा उपयोग न होणं, यावरून शंका घ्यावी.

व्यायामाचं विचारलंत. स्नायू कमजोर नाहीतच, त्यामुळे डोळे गरगर फिरवून ही वाट परत येत नाही. त्यावर पैसे घालवू नका. तोल सांभाळायची फिजिओथेरपी मात्र जरूर करा.

पायवाट:
माझ्या सासऱ्यांना हेच होतं. पहिलं काम, प्रोग्रेसिव्ह चष्मा काढा. त्यात जवळचा नंबर खालच्या भागात असतो आणि नजर तर खाली जातच नाही! वाचायला वेगळा, पूर्ण काचेत एकच नंबर असलेला चष्मा करून घ्या. पुस्तक स्टँडवर डोळ्यांच्या उंचीला, ताटही उंचावर. जमिनीवरच्या सतरंज्या, वायरी, चपला आजच उचला, कारण पायाखालचं त्यांना दिसत नाही. जिन्यात एकटं सोडू नका. वॉकर घ्यायचा तर हलका नको, वजनदार बघा; हलका त्यांच्यासकट मागे येतो.

आणि हे तुम्ही विचारलं नाहीत, पण जेवताना ठसका लागतो का? लागत असेल तर गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून आत्ताच करून घ्या. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. आम्ही डोळ्यांपेक्षा त्याला जास्त घाबरायचो.

शेवरी:
ठसका लागतो, पाणी पिताना जास्त. विचारते. बाबांना वरही कमी बघता येतं, तेही यातलंच का?

अर्धविराम:
असू शकतं, पण वयानुसार वर बघणं अनेकांचं कमी होतं, त्यामुळे एकट्या त्या खुणेला फार वजन देत नाही. खाली जाणारी नजर मंद होणं जास्त बोलकं. नजर पूर्ण अडण्याआधी ती नुसती संथ होते, ते चटकन लक्षात येत नाही.

पुढच्या भेटीआधी काका चालताना, वळताना आणि खुर्चीत बसतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. अशी माणसं खुर्चीत धाडकन बसतात, ते दवाखान्यात दिसतंच असं नाही. प्रिझमच्या काचांबद्दलही विचारा, त्याने खालचं दृश्य थोडं वर सरकतं. सगळ्यांना मानवत नाहीत, चालताना तर वापरूच नयेत. पण बसल्या जागी जेवताना काहींना फायदा होतो.

शेवरी:
दोघांचेही आभार. चष्म्याचं आजच बघते. एमआरआय झाला की इथेच लिहीन.