गोव्याच्या कॅसिनोत काटकसरीनं जाऊन येता येतं का? नाशिकहून कोणी जातं का नेहमी?

अंबडचा शिफ्टवाला:
नमस्कार मंडळी, आम्ही तिघं मित्र, तिघंही अंबड एमआयडीसीत कामाला. दिवाळीत घरी तीनपत्ती खेळतो तेवढाच आमचा जुगार, पाच-दहा रुपयांचा, त्यातही भांडणं होतात. आता डोक्यात आलंय की एकदा पणजीला जाऊन ते नदीतलं जहाज बघायचं. खेळायचं पण आहे, नुसतं बघायला कोण एवढं लांब जाणार. बजेट म्हणाल तर माणशी बारा हजार, त्यात जाणं-येणं, राहणं, खेळणं सगळं आलं पाहिजे. बायकोनं सांगितलंय वर एक रुपया गेला तर परत येताना कसाऱ्यालाच उतर, घरी यायचं नाही :)
तर प्रश्न असे की पॅकेजमधे जेवण-दारू फुकट असते म्हणतात ते खरं का, आणि चाळीस टक्के टॅक्स लागला म्हणतात तो जिंकल्यावर की आधीच? एक जण म्हणाला दमण जवळ पडतं, पेठ-धरमपूर करून वापीला उतरलं की आलंच, तिथे जा. आणि दुसरा म्हणतो हरलं की डबल लावत जायचं, कधीतरी येतंच. नेहमी जाणारं कोणी असेल तर जरा डिटेलमधे सांगा.

पंचवटीतला जुना:
भाऊ मी जातो अधूनमधून, वर्षानुवर्षं जातोय आणि अजून घर विकलं नाही, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. आधी दमणचं संपवू. 1976 चा जुगाराचा कायदा गोवा, दमण, दीव तिघांना मिळूनच होता त्यामुळे लोकांना वाटतं तिथेही असणार, पण दमणला कॅसिनो चालू झालेला नाही, तिथे लोक दुसऱ्याच कामाला जातात ते तुला माहीतच आहे. आणि महाराष्ट्रात कॅसिनोचा एक कायदा 1976 पासून नुसता कागदावर पडून होता, कधी लागूच केला नाही, तो पण 2023 मधे रद्द करून टाकला, म्हणजे आपल्याकडे होणार होणार म्हणणाऱ्यांचा विषय पण संपला. राहिला गोवा. तिथे 1992 ला फाइव्ह स्टार हॉटेलात मशीनला परवानगी दिली आणि 1996 ला पाण्यातल्या बोटींना, म्हणून डीलर पत्ते वाटतोय अशी खरी टेबलं हवी असतील तर पणजीच्या मांडवी नदीतल्या बोटीवरच जावं लागतं, किनाऱ्यावरच्या हॉटेलात इलेक्ट्रॉनिक मशीनवर भागवायचं.

आता जाणं. नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस पकड, थेट मडगाव, स्लीपरमधे झोपून जा, फक्त बुकिंग साठ दिवस आधी उघडतं तेव्हाच कर कारण कोकणातली गाडी आहे, तत्काळच्या भरवशावर राहू नको. मडगाव स्टँडवरून कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, नॉनस्टॉप शटल पणजीला सोडते, टॅक्सीवाले स्टेशनच्या दारातच घेरतात त्यांच्याकडे बघायचंच नाही, मान खाली घालून चालत सुटायचं. ट्रॅव्हल्सच्या गाड्या द्वारकेवरून मुंबई नाक्यावरून सुटतात पण पूर्ण रात्र कंबर मोडून सकाळी पोचलास की त्या दिवशी खेळण्यात राम राहत नाही. दमलेला माणूस पैसे लवकर घालवतो हे मी किती जणांचं बघितलंय.

पॅकेजचं खरं आहे. एंट्रीच्या पैशात बुफे, दारू, शो आणि थोडी खेळायची कुपनं असं येतं. सोमवार ते गुरुवार स्वस्त, शुक्रवारपासून महाग, आणि सलग सुट्ट्या आल्या की विचारूच नको. शिफ्टवाला आहेस, तुझा वीकली ऑफ मधल्या वारी असेल तर सोनंच. एकदा बाहेर पडलं की परत आत घेतात का हे मात्र प्रत्येक बोटीचं वेगळं, काउंटरवर विचारूनच पैसे भर. वय 21 पूर्ण पाहिजे, ओरिजिनल आयडी पाहिजे, आणि हाफ पँट-चप्पल घालून पोरं जेट्टीवरूनच परत जाताना बघितलीत, त्यामुळे एक फुल पँट आणि बूट बॅगेत टाक. मोबाईल काढून टेबलाचे फोटो काढायचे नाहीत, लगेच माणूस येतो.

आता मुद्दा, टॅक्स. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 चा 40 झाला आणि हा जिंकल्यावर नाही, चिप्स, म्हणजे टेबलावर नोटांऐवजी लावायची टोकन, घेताना तू जे पैसे देतो त्यावर आहे. टॅक्स धरून दहा हजार दिले असं मानलं तर त्यातले 2,857 सरकारचे आणि चिप्स 7,143 च्या. कोण गिऱ्हाइकाकडून पूर्ण घेतं, कोण थोडा स्वतः सोसतं, म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न एकच, दहा हजार दिले तर हातात किती चिप्स येणार. लोक काय करतात, रूलेटमधे, म्हणजे आकडे आणि लाल-काळी घरं असलेल्या चाकावर चेंडू फिरवतात त्या खेळात, कॅसिनोचा कट पावणेतीन टक्के का सव्वापाच यावर तासभर वाद घालतात आणि चिप्स घेताना पाव भाग निघून गेला तिकडे लक्षच नाही. वरून थोडं जिंकलं की आनंदानं कॅश करतात, बारवर जातात, परत येऊन परत चिप्स घेतात. अरे बाबा प्रत्येक वेळी घेतल्या की प्रत्येक वेळी टॅक्स, आणि चिप्स परत केल्या तरी तो टॅक्स काही मागे येत नाही. जिंकलेल्या चिप्सवरच पुढे खेळत राहिलं तर त्यावर नवीन टॅक्स लागत नाही. म्हणून माझा नियम, चिप्स एकदाच आणि थोड्या घ्यायच्या, निघताना एकदाच मोडायच्या, मधे काउंटरकडे फिरकायचं नाही.

गंगापूररोड:
नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधे छापायच्या आणि नेऊन मांडवीत सोडायच्या, कमाल आहे राव तुमची 😂 गोदावरीत सोडा की, ती पण नदीच आहे, गाडीभाडं वाचेल

डबलवाला:
एवढा हिशोब करून कोण खेळतं हो. सरळ लालवर पाचशे लाव, गेले तर हजार, गेले तर दोन हजार, कधीतरी लाल येणारच की, आल्यावर सगळं भरून निघतं वर पाचशे फायदा. माझ्या ओळखीतला एक जण असाच खेळतो, हरतच नाही.

पंचवटीतला जुना:
तुमचा तो ओळखीचा सलग सात वेळा काळं येईपर्यंत हरणार नाही. पाचशेपासून डबल करत सात वेळा गेले की एकूण 63,500 गेले, आणि आठव्या वेळी 64,000 लावायचे असतात ते पण पाचशेच्या फायद्यासाठी. त्याच्या आधीच टेबलची वरची लिमिट आडवी येते ते वेगळंच. एक शून्य असलेल्या रूलेटला 37 घरं, त्यात लाल 18, म्हणजे सलग सात वेळा हुकायचा चान्स शंभरातून साधारण एक. कमी वाटतो ना? पण संध्याकाळभर बसलं की असे डाव कितीतरी सुरू होतात, त्यातला एक पुरतो. टेबलाशेजारी तो बोर्ड असतो बघा मागचे आकडे दाखवणारा, त्याच्यासमोर एक काका कुर्ता घालून वही घेऊन बसलेले असतात, प्रत्येक बोटीवर असतातच कोणीतरी, मागचे सहा काळे आले म्हणून टिकमार्क करत. सातव्या वेळीही लाल 37 पैकी 18 च, त्या चेंडूला कुठे माहिती मागे काय आलं होतं.

हिशेबी ताई:
शिफ्टवाला दादा, मी स्वतः खेळत नाही पण अकाउंट्समधे आयुष्य गेलंय म्हणून एवढं सांगते. जीएसटी वेगळा आणि इन्कम टॅक्स वेगळा, दोन्ही लागतात. एका फटक्यात दहा हजाराच्या वर जिंकलात तर तीस टक्के टीडीएस कापायचा नियम आहे. आणि रिटर्न भरताना या कमाईवर सरळ तीस टक्के अधिक सेस म्हणजे 31.2 लागतात, तुमचा पगार किती का असेना, टॅक्स फ्री स्लॅबचा फायदा यात मिळत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी वीस हजार हरलात आणि रात्री वीस हजार जिंकलात तर तुमच्या खिशाच्या दृष्टीनं शून्य, पण टॅक्सवाल्यांच्या दृष्टीनं तुम्ही वीस हजार कमावलेत. हरलेलं वजा होत नाही, गाडीभाडं-हॉटेल पण वजा होत नाही. आमच्याकडे एक जण पॅकेजची पावती घेऊन आले होते, बिझनेस ट्रिपमधे टाका म्हणून. काय बोलणार.
आणि मोबाईलवरच्या ॲपवर सराव करू वगैरे डोक्यात असेल तर तेही काढा, ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम देशभर बंद आहेत. तरी टेलिग्रामवर लिंका फिरतात, त्यावर पैसे टाकले तर तक्रार करायला पण तोंड राहत नाही.

अंबडचा शिफ्टवाला:
बापरे ताई, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या ग्रुपवर तर सगळे जिंकूनच येतात. जुने भाऊ, मग आमचं बारा हजाराचं गणित बसवून द्या ना, माणशी खेळायला किती ठेवू, आणि खेळू काय? तीनपत्तीचं टेबल असतं म्हणतात, ते आम्हाला येतं.

पंचवटीतला जुना:
तीनपत्तीचं टेबल असतं पण घरची तीनपत्ती डोक्यातून काढ. तिथे डाव डीलरशी असतो, ब्लाइंड खेळून समोरच्याला घाबरवायचं, पत्ते न बघता चाल वाढवायची, हे तुझं दिवाळीचं कसब तिथे शून्य कामाचं. अंदर बाहर पण असतं, सोपं वाटतं, फार पटपट होतं म्हणून मी लांब राहतो.

बघ, खर्च ठरतो तीन गोष्टींवर, एका डावाला किती लावतोस, तासाला किती डाव होतात आणि घराचा म्हणजे कॅसिनोचा कट किती. एक शून्यवाल्या रूलेटला कट 2.7 टक्के, दोन शून्य असतील तर 5.26, म्हणून चाक आधी नीट बघ, हिरवी म्हणजे शून्याची घरं मोज आणि मग बस. पाचशे लावले, तासाला चाळीस डाव झाले तर वीस हजार फिरले, त्याचे 2.7 टक्के म्हणजे सरासरी 540 रुपये तासाचे. बॅकरा म्हणजे बँकर आणि प्लेयर या दोन बाजूंपैकी कोण जिंकणार यावर लावायचा पत्त्यांचा खेळ, त्यात बँकरचा कट 1.06 आणि प्लेयरचा 1.24, तिथे अजून स्वस्त, पण टायवर म्हणजे बरोबरीवर लावायचं नाही, तिथे चौदा टक्क्यांवर जातो आणि नेमकं सगळे त्यावरच ओरडून लावतात. हे सरासरीचं झालं, एका रात्रीत वर-खाली कितीही होऊ शकतं. मिनिमम सगळ्यात कमी असलेलं गर्दीचं टेबल शोध, गर्दी असली की डीलरला चिप्स गोळा करायला वेळ लागतो, डाव सावकाश होतात, आणि प्रत्येक डाव खेळलाच पाहिजे असं काही नाही. नुसतं उभं राहून बघ, फुकट आहे. नवरा-बायको जोडीनं आलेले असतात ना, त्यांची कुजबुज ऐकण्यात शोपेक्षा जास्त मजा असते.

कुपनांची एक गंमत सांगतो, ही बऱ्याच जणांना माहिती नसते. ते वन टाइम प्ले कुपन जिंकलं तरी काढून घेतात आणि हरलं तरी, फक्त जिंकलं तर त्याच्या बदल्यात खऱ्या चिप्स मिळतात. तर हजाराचं कुपन लालवर लावलं तर सरासरी किंमत 486 रुपये. तेच डझनवर लावलं, म्हणजे बारा आकड्यांवर, तर दुप्पट मिळतात म्हणून सरासरी 648. तेच कुपन, नुसती जागा बदलली. फक्त काही टेबलांवर कुपन इव्हन मनीवरच, म्हणजे लाल-काळं अशा लावले तेवढेच मिळणाऱ्या जागेवरच चालतं, आधी डीलरला विचार. आणि कुपनं संपेपर्यंत चिप्स घेऊच नको, कदाचित काउंटरवर जायची वेळच येणार नाही.

आता पैसे. येण्याजाण्याचे दोन-अडीच हजार धर, लॉज तिघांत एक रूम, पणजी मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत साध्या लॉज मिळतात, ऑफ सीझन घासाघीस होते. पॅकेजचे पैसे बाजूला काढ. यातून उरेल त्यातले तीन हजार खेळायला, पाकिटात तेवढीच कॅश, एटीएम कार्ड लॉजवर बॅगेत कुलपात आणि यूपीआयचं ॲप मोबाईलमधून डिलीट करून जा, हसू नको, मी करतो. दारू फुकट आहे म्हणून ढोसायची नाही, दोन पेगनंतर पाचशेची चिप दहा रुपयांची वाटायला लागते, ती फुकटची दारूच सगळ्यात महाग पडते. बुफे मात्र दोनदा मार. संध्याकाळी लवकर आत गेलास तर जेवण आणि मग उशिराचं परत थोडं, असं नीट बसतं. ब्रेड-भातानं पोट भरू नको, फिश फ्रायच्या लाइनीत उभा राहा.

आणि दुसऱ्या दिवशी पणजी जेट्टीवरून बेतीची फेरी पकड, चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. सगळ्या कॅसिनो बोटी त्या फेरीतून समोर दिसतात, सकाळी दिवे बंद असताना गंज पण दिसतो बाजूचा. पलीकडे कुठल्याही टपरीवर भाजीपाव खा.

गंगापूररोड:
जुने भाऊ लय अभ्यास हो तुमचा. मी पण येऊ का तुमच्याबरोबर पुढच्या वेळी, मी फक्त फिश फ्राय खाईन आणि त्या वहीवाल्या काकांजवळ बसेन

अंबडचा शिफ्टवाला:
ठरलं मग, मंगळवारी जायचं, बुधवारी रात्री आत. तिघांचं कार्ड एकाच बॅगेत ठेवतो आणि किल्ली जो खेळत नाही त्याच्याकडे. फक्त एक, ताईंनी सांगितलेल्या टीडीएसचं सर्टिफिकेट वगैरे तिथेच मागायचं का नंतर येतं?

हिशेबी ताई:
कापला तर तुमच्या पॅनवर दिसतो, म्हणून पॅन नंबर बरोबर दिलाय ना तेवढं स्लिपवर तपासा आणि स्लिप फेकू नका. पॅन दिला नाही तर भानगड वाढते. आणि दादा, आधी जिंका तर खरं.

पंचवटीतला जुना:
बुधवार असेल तर जेट्टीवर आठच्या आत पोच, नंतर कॅसिनोपर्यंत नेणाऱ्या फीडर बोटीला लाइन लागते.