मदत हवी आहे: १९९७ च्या प्रबळ एल निनोत पाऊस सरासरीइतका, मग २००२ मध्ये दुष्काळ का?

नमस्कार. समुद्र, वारे आणि जमीन मिळून हवामान कसे घडवतात, हा भाग मी अकरावीच्या वर्गाला एल निनोच्या आधारे शिकवते. त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

मूळ साखळी मला समजते. एरवी व्यापारी वारे प्रशांत महासागरातील उबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतात; तिथे हवा वर चढून भरपूर पाऊस पडतो आणि तीच हवा पुढे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या बाजूला खाली उतरते. पेरूच्या किनाऱ्यालगत मात्र खोलातले थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि त्यावर अँकोव्ही मासळी पोसली जाते. एल निनोच्या वर्षी वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेकडे सरकते, हवा वर चढण्याची जागाही त्याबरोबर सरकते, आणि आपल्या बाजूला हवा खाली उतरू लागल्याने ढगांची वाढ खुंटते. महाराष्ट्राने १९७२ साली भीषण दुष्काळ सोसला तेव्हा एल निनो होता, आणि पेरूची अँकोव्ही मासेमारीही त्याच सुमारास कोसळली (बेसुमार मासेमारी हेही त्याचे एक कारण होते).

अडचण पुढे येते. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातील सर्वांत प्रबळ घटनांपैकी एक होता. तरीही त्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात देशभरात दीर्घकालीन सरासरीच्या सुमारे १०२ टक्के पाऊस झाला. २००२ चा एल निनो त्या मानाने बराच सौम्य होता, पण पाऊस सुमारे ८१ टक्क्यांवर थांबला आणि ऐन जुलैत तर नेहमीच्या जेमतेम निम्माच पडला.

याची दोन स्पष्टीकरणे माझ्या वाचनात आली आहेत. पहिले इंडियन ओशन डायपोलचे (म्हणजे हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतील तापमानाच्या फरकाचे): १९९७ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि सुमात्राजवळचा भाग थंड होता, त्यामुळे मोसमी वाऱ्यांना बळ मिळाले. दुसरे असे, की २००२ मध्ये पाणी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ नव्हे, तर मध्य प्रशांतात अधिक तापले होते, आणि तसे झाले की हवा खाली उतरण्याचा पट्टा नेमका भारतावर येतो. मला दुसरे अधिक पटते, कारण डायपोल सहसा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये ऐन भरात येतो आणि तोवर आपला पावसाळा सरत आलेला असतो.

या दोन कारणांचा वाटा वेगळा काढता येतो का? संगणकीय प्रारूपात केवळ एकाच महासागराचे तापमान बदलून तसे तपासले गेले असेल, तर निष्कर्ष काय निघाला? आणि १९९७ ची स्थिती फळ्यावर एकाच आकृतीत दाखवायची झाल्यास दोन्ही महासागरांवरील वाऱ्यांचे बाण कोणत्या दिशेने काढावेत?