14 वर्षांच्या मुलाचा लिपिड रिपोर्ट: सगळं 'नॉर्मल' छापलंय, पण आहे का?

शालेय_तपासणी:
मुलगा 14 वर्षांचा, वजन जास्त. वडिलांची 48व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. बारा तास उपाशी राहून काढलेल्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल 188, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) 41, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 140, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) 119 (मिग्रॅ/डेलि). एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी चाचणी) 4.2. लॅबने एकाही आकड्यावर खूण केलेली नाही. पालकांना काय सांगायचं?

बालहृदय:
छापलेल्या मर्यादा मोठ्या माणसांच्या आहेत, त्या या मुलाला लावू नका. 10 ते 19 वयात ट्रायग्लिसराइड 90च्या आत हवं, 130 किंवा वर म्हणजे जास्त. याचं 140 आहे. एलडीएल 110च्या आत हवं, 119 काठावर. एचडीएल 45च्या वर हवं.

रिपोर्टवर बहुधा नसलेला आकडा स्वतः काढा: एकूणातून एचडीएल वजा. 188 − 41 = 147, हे नॉन-एचडीएल. 120च्या आत ठीक, 145पासून जास्त. यासाठी उपाशी राहावंच लागतं असं नाही, म्हणून शाळेच्या शिबिरात पहिल्या चाचणीला मी हाच धरेन.

शिवाय वयात येताना एलडीएल आपोआप उतरतं आणि नंतर परत चढतं. म्हणूनच अमेरिकेच्या 2011च्या मार्गदर्शनात सरसकट तपासणी 9 ते 11 आणि 17 ते 21 या वयांत सांगितली आहे. चौदाव्या वर्षी 119 दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, सतरानंतर पुन्हा बघा.

नमुना_ते_निकाल:
सीआरपी आत्ता बाजूला ठेवा. सर्दी-ताप, हिरड्यांची सूज, अगदी खेळताना झालेली जखमही तो चढवते. नुसत्या लठ्ठपणानेही तो वाढतो, आणि मुलांमध्ये त्यावरून उपचार ठरत नाहीत.

लिपिड मात्र परत करा: दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतराने, आणि दोन्हींची सरासरी धरा. ट्रायग्लिसराइड रोजच बरंच हलतं, लग्नाच्या जेवणानंतर तर विचारू नका. तापातून उठल्यावर तीन आठवडे थांबा, कारण आजारात कोलेस्टेरॉल खोटं कमी येतं. रक्त काढण्याआधी पाच मिनिटं बसवा. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला तर आकडे फुगतात. ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेलं तर हिशोबाने काढलेलं एलडीएल चालत नाही, थेट मोजावं लागतं.

बालहृदय:
लिपोप्रोटीन(ए), म्हणजे एलडीएलसारखाच एक चरबीवाहक कण, एकदा मोजाच, वडिलांचा इतिहास आहे. ते जवळजवळ सगळं आनुवंशिक असतं, दरवर्षी करण्यात अर्थ नाही. 50 मिग्रॅ/डेलि किंवा 125 नॅनोमोल/लिटरच्या वर असेल तर धोका वाढलेला. ही दोन एककं एकमेकांत बदलू नका. अपो-बी (वाईट कोलेस्टेरॉलच्या कणांवरचं प्रथिन) परवडलं तर, नाहीतर नॉन-एचडीएल पुरे. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) बघा, थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल चढतं.

आत्ता औषध नको. गोड पेयं, बिस्किटं, मैदा बंद, रोज तासभर घाम येईल असा खेळ, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त. एलडीएल 190च्या वर, किंवा अशा घराण्यात 160च्या वर टिकून राहिलं, तर मात्र स्टॅटिनसाठी (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) तज्ज्ञाकडे पाठवा. आणि हे घराण्यातून आलंय का याचा अंदाज यावा म्हणून वडिलांचं उपचारापूर्वीचं एलडीएल विचारून घ्या.

शालेय_तपासणी:
याच्या धाकट्या बहिणीचं एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 5.9 आहे, हिमोग्लोबिन 9.4.

नमुना_ते_निकाल:
लोह कमी असेल तर एचबीए1सी खोटं वर जातं. उपाशीपोटी साखर करा. शंभरच्या आत आली तर आधी लोह भरून काढा, मग एचबीए1सी परत करा. लिपिड मात्र तिचंही आत्ताच करा.